किलोमीटरेजवर टॅक्स कशासाठी?



तात्यापाऱ्यात शेजारचे एक निवृत्त मास्तर मला म्हणाले, "अहो सेक्रेटरीसाहेब, तुमच्या ड्रायव्हरला लाखाच्या वर पगार. त्यात 2025 च्या बजेटात बारा लाखांपर्यंत टॅक्स माफ झाला. आता मोर्चे कशाला?" मास्तरांचा दोष नाही, वर्तमानपत्रात तेवढेच छापून आले. म्हणून त्यांच्याच ओट्यावर बसून हिशोब मांडला. तोच इथे देतो.

लेव्हल 6 चा लोको पायलट, मूळ पगार 50,500. रनिंग स्टाफला महागाई भत्ता मूळ पगार अधिक त्याचे 30 टक्के, म्हणजे 65,650 वर मिळतो. बारा महिने 58 टक्के धरला तर 38,077. रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो, म्हणून घरभाडे नाही. किलोमीटरेज 30,000 धरू. एकूण 1,18,577. मास्तर खूश!

आता वर्षाचे करा: 14,22,924. स्टँडर्ड डिडक्शनचे 75,000 वजा जाता राहिले 13,47,924. बारा लाखांची रेषा ओलांडली की माफी संपली आणि चार लाखांपासून टॅक्स सुरू. 2025-26 च्या नव्या पद्धतीने सेससह 85,476 रुपये, म्हणजे महिन्याला सात हजारांच्या वर. एन.पी.एस., सोसायटीचे कर्ज यांची कपात अजून धरलेलीच नाही.

आता किलोमीटरेज बाजूला ठेवा. करपात्र उत्पन्न उरते 9,87,924 आणि टॅक्स शून्य. म्हणजे 85,476 मधला पै न पै त्या भत्त्यापायी गेला.

हा भत्ता म्हणजे काय चैन आहे? घराबाहेरचे जेवण, चहा, रनिंग रूममधली रात्र, त्याचा खर्च यातच भागवायचा. रेल्वे यातला एक भाग पगार मानते, बाकीचा प्रवासखर्च. आयकर कायद्यानेही वाहतुकीच्या कामगारांसाठी 70 टक्के भत्ता करमुक्त मानला, पण मर्यादा घातली महिन्याला 10,000 ची. ती 2008 साली 6,000 वरून वाढली. मग सातवा वेतन आयोग आला, किलोमीटरेजचे दर वाढले, मर्यादा मात्र 2025-26 पर्यंत तिथेच. नव्या पद्धतीत तर तीही सवलत नाही. कोणी म्हणेल, जुनी पद्धत घ्या. घेतली. दीड लाखाची बचत दाखवूनही याच माणसाला 1,49,000 च्या वर टॅक्स बसतो.

उलट ऑफिसचा साहेब दौऱ्यावर गेला तर त्याचा दौऱ्याचा दैनिक भत्ता नव्या पद्धतीतही करमुक्त. साहेब एसीत बसून नागपूरला जातो तो प्रवास, आणि त्याच गाडीचे इंजिन चालवणारा काय सहलीला निघाला आहे?

70 टक्के पूर्ण करमुक्त धरले असते, तर करपात्र उत्पन्न 10,95,924 झाले असते. बारा लाखांच्या आत. सरकारने दवंडी पिटलेली माफी आमच्या माणसाच्या दारापर्यंत येऊन परत गेली ती एवढ्यासाठी.

आमची मागणी साधी आहे: 70 टक्के किलोमीटरेज मर्यादेशिवाय करमुक्त करा, दोन्ही पद्धतींत. आठव्या वेतन आयोगापुढेही हेच मांडले पाहिजे. पगार वाढला आणि हा नियम तसाच राहिला, तर वाढ एका हाताने येईल आणि दुसऱ्या हाताने जाईल. प्रत्येक लॉबीतल्या साथीने फॉर्म 16 आणि मार्चची पे-स्लिप यांची प्रत शाखा कचेरीत आणून द्यावी. निवेदनाला तोंडी तक्रार पुरत नाही, आकडे जोडावे लागतात.