थोर बापाची लेक

नकार मिळाला तरी पिच्छा सोडायचा नाही, मग समोरच्याचे मन वळतेच, हे आपले सिनेमे आपल्याला वर्षानुवर्षे शिकवीत आले. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांचा १९७५ सालचा ‘आदेल एच.ची कथा’ हा चित्रपट नेमके उलटे सांगतो. आणि त्यातली हकिगत खऱ्या आयुष्यातली आहे.

आदेल ही ‘ल मिझेराब्ल’ लिहिणाऱ्या व्हिक्टर ह्यूगोंची धाकटी मुलगी. सत्ताधीशाला विरोध केल्यामुळे ह्यूगोंना कुटुंबासह देश सोडून इंग्लिश खाडीतील बेटांवर राहावे लागले. तिथे पिन्सन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यावर तिचे मन बसले. पुढे त्याचे मन उडाले, हिचे उडाले नाही. १८६३ साली, तिशी ओलांडलेली ही बाई एकटीच समुद्र पार करून आजच्या कॅनडातील हॅलिफॅक्सला त्याच्या पलटणीमागे गेली. त्याने नकार दिला. तरी आपले लग्न झाल्याचे तिने घरी खोटेच कळवले, आणि ती बातमी छापूनही आली.

इसाबेल अजानी हिने ही आदेल विलक्षण ताकदीने उभी केली आहे. एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. लहान मुलगा नाव विचारतो, तर ती सांगते, लेओपोल्दीन! हे नाव तिच्या थोरल्या बहिणीचे. ती १८४३ साली सीन नदीत बुडून गेली आणि वडिलांच्या मनात कायमची राहिली. थोड्या वेळाने आदेल परत येऊन त्याला आपले खरे नाव सांगते. बापाचे नाव जगभर गाजत होते. लेकीला मात्र स्वतःचे नाव सापडत नव्हते. ती पियानो वाजवी, गीतांना चाली लावी. पण त्या गुणाचे पुढे काही झाले नाही.

पलटण बार्बाडोसला गेली, तीही मागे गेली. चित्रपटात ती फाटक्या कपड्यांत रस्त्याने चालते, पिन्सन समोर येतो, आणि ती त्याला ओळखतही नाही! अखेर तिला आसरा दिला तो बा नावाच्या एका कृष्णवर्णीय बाईने. त्या बेटावरची गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम एक पिढी उलटली होती. १८७२ साली त्याच बाईने तिला सोबत करून बापाकडे पोचवले. त्यानंतर १९१५ साली मरेपर्यंत आदेल मनोरुग्णांच्या आश्रयगृहातच राहिली.

भगिनींनो, एकतर्फी प्रेमातून मुलींवर हल्ले झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. आदेलने इतरांपेक्षा स्वतःचाच घात अधिक केला. पण मुळाशी हट्ट तोच. नकार बाईचा असो वा पुरुषाचा, तो नकारच. आपल्या मुलामुलींना हे घरातच शिकवू या. आणि लेकीच्या हाताला तिचे स्वतःचे काम, स्वतःची ओळख देऊ या. मग कोणाच्या नकाराने तिचे सारे आयुष्य रिकामे होणार नाही.