सही तपासा, तोंड दाबू नका

एखादा कायदा मतदारांनीच मतपेटीतून करावा, अशी सोय अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या राज्यांत आहे. त्यासाठी आधी ठरावीक सह्या गोळा कराव्या लागतात. आर्कान्साच्या मतदारांनी याच मार्गाने 2014 आणि 2018 मध्ये किमान वेतन वाढवून घेतले, 2016 मध्ये औषधी गांजाला मान्यता दिली. विधिमंडळाला ते रुचले नसावे. 2025 मध्ये तेथे कायद्यांची रांगच लागली. सह्या घेणाऱ्याने आधी ओळखपत्र पाहायचे, खोटी सही गुन्हा आहे असे बजावायचे, मग प्रस्तावाचे शीर्षक समोरच्याला वाचायला लावायचे किंवा वाचून दाखवायचे. दुकानातून घाईने बाहेर पडलेला माणूस एवढे सोपस्कार होईपर्यंत थांबेल? प्रकरण न्यायालयात गेले, हे बरेच झाले.

हा वाद जुना आहे. पैसे देऊन सह्या गोळा करणे कोलोरॅडोने गुन्हा ठरवले होते. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी एकमताने रद्द केली. सही मागणारा नुसता कागद पुढे करत नाही. तो बाजू मांडतो, वाद घालतो, मन वळवतो. हे राजकीय भाषणच, असे न्यायालयाने मानले. तरी कोलोरॅडोची खोड गेली नाही. कार्यकर्त्याने छातीवर नावाचा बिल्ला लावावा, असा फतवा निघाला. 1999 मध्ये तोही रद्द झाला. कार्यकर्त्याचे नाव-पत्ता अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात असतोच. मग रस्त्यावर तापलेल्या माणसासमोर नाव उघड करण्याची सक्ती कशाला?

बनावट सह्या होत नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. मिशिगनमध्ये 2022 साली गव्हर्नरपदाचे पाच इच्छुक उमेदवारीसाठी गोळा केलेल्या अशाच सह्यांपायी स्पर्धेबाहेर गेले. पण ती लबाडी पकडली निवडणूक कार्यालयातल्या छाननीने; रस्त्यावरच्या बोलण्यावर पहारा बसवून नव्हे. दर सहीमागे पैसे देण्यास ओरेगॉनने केलेली मनाई 2006 मध्ये अपिलात टिकली, तीही योग्यच. सहीगणिक मोबदला खोटेपणाला चिथावतो आणि ही मनाई कोणाचे तोंड बंद करत नाही.

आर्कान्साला फसवणुकीची खरोखर चिंता असेल, तर त्याने छाननीसाठी माणसे वाढवावीत, खोट्या सह्या करणाऱ्यांवर खटले भरावेत. तो खर्च सरकारने करायचा आहे. कार्यकर्त्याच्या वेळेतून तो वसूल करण्याचा त्याला अधिकार नाही.