फुकट नव्हे, मुक्त

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. उर्दू माध्यमाच्या शाळेतून निघून अर्थशास्त्रातल्या संशोधनापर्यंत पोहोचलेली आमच्या मोहल्ल्यातली मुलं बोटांवर मोजण्याइतकी. हा त्यातलाच एक. दिवसा बाजार समित्यांमधल्या शेतमालाच्या भावांची आकडेमोड करतो, रात्री मुक्त सॉफ्टवेअरचं उर्दूत आणि मराठीत भाषांतर करतो आणि रविवारी वांद्र्याला एका वयस्कर गोवेकर उस्तादांकडे सॅक्सोफोन शिकायला जातो. त्याच्या अब्बांची माझ्याकडे तक्रार होती, "सर, जरा समजवा याला. अर्थशास्त्र शिकला आणि फुकटची कामं करतोय. वर हे जाझ का काय ते!"

मी समजवायला बसलो आणि स्वतःच समजून उठलो.

पहिला घोळ शब्दाचा. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द आहे, म्हणून तिकडच्या लोकांना अर्थ सांगत बसावं लागतं. आपल्याला ती अडचण नाही. उर्दूत 'मुफ़्त' वेगळं, 'आज़ाद' वेगळं. मराठीत 'फुकट' वेगळं, 'मुक्त' वेगळं. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांच्या मनात दुसरा अर्थ होता. सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी वापरता यावं, आतून कसं चालतं ते पाहून बदलता यावं, त्याची प्रत दुसऱ्याला देता यावी आणि सुधारलेली आवृत्तीही वाटता यावी, ही ती चार स्वातंत्र्यं. १९८९ मध्ये त्यांनी जो परवाना आणला त्यात एक अट होती: तुम्हाला मिळालेलं घेऊन बदललंत आणि पुढे वाटलंत, तर पुढच्यालाही हेच हक्क द्यावे लागतील. पैसे घ्यायला मनाई नाही, दार बंद करायला मनाई आहे.

हे ऐकताना मला आमच्या शाळेची आठवण झाली आणि शरमही वाटली. वर्षानुवर्षं आम्ही उर्दूच्या प्रश्नपत्रिका कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरवर टाइप केल्या. वर्गात अमानतदारीचा धडा शिकवायचा आणि ऑफिसात येऊन हे करायचं! पुढे संगणक बदलला आणि सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांपैकी एकही फाइल उघडेना. कागद आमचा, मेहनत आमची, पण किल्ली दुसऱ्याकडे. शिवाय माझी खरी गरज त्या सॉफ्टवेअरने कधी भागवलीच नाही. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवायचं तर एकाच पानावर नस्तालीक आणि देवनागरी दोन्ही लागतात. ते आज युनिकोडमध्ये होतं, आणि नोटो नस्तालीक उर्दूसारखा फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतो, म्हणून होतं.

मग मी अब्बांचाच प्रश्न त्याला विचारला: यात अर्थशास्त्र कुठे आहे? तो म्हणाला, "सर, उर्साची देग आठवा." रिषभ अय्यर घोष या भारतीय अभ्यासकाने १९९८ मध्ये नेमकी हीच उपमा वापरून एक निबंध लिहिला होता. प्रत्येक जण देगीत आपापली वस्तू टाकतो, कुणी तांदूळ, कुणी मसाला. साध्या देगीतून जितके ताट भरतील तितकं अन्न कमी होतं. सॉफ्टवेअरच्या देगीतून मात्र प्रत्येकाला अख्खी देग मिळते आणि तरी ती भरलेलीच राहते. मी एक गोष्ट टाकतो आणि हजारोंनी टाकलेलं घेऊन जातो. हा हिशेब तोट्याचा कसा? जोश लर्नर आणि जाँ तिरोल या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये आणखी एक बाजू मांडली. उघड्यावर केलेलं काम सगळ्यांना दिसतं, त्यातून नाव होतं आणि नावातून पुढे रोजगारही मिळतो.

जाझचा संबंध त्याने वाजवूनच दाखवला. १९३० साली जॉर्ज गर्श्विन यांनी 'आय गॉट रिदम' हे गाणं रचलं. त्यातली स्वरसंगतींची चौकट घेऊन ड्यूक एलिंग्टन यांनी १९४० मध्ये 'कॉटन टेल' रचलं, चार्ली पार्कर यांनी त्यावर आपल्या चाली बांधल्या, आणि ती चौकट आजही जाझ शिकणाऱ्या पोराला पहिल्या वर्षात येते. चाल ज्याची त्याची, चौकट सगळ्यांची. आपल्याकडे काही उस्ताद खास चीज शागिर्दालाही देत नसत, बरोबर कबरीत नेत. जाझवाले रात्री काम संपल्यावर एकत्र बसत, एकमेकांचं ऐकत, उचलत आणि त्यात भर घालत.

हे संगीत आपल्याला परकं आहे असं समजणाऱ्यांना एक नाव सांगतो: युसुफ लतीफ. डेट्रॉइटमध्ये वाढलेले, इस्लाम स्वीकारलेले, सॅक्सोफोन आणि बासरीचे मोठे वादक. 'जाझ' हा शब्द त्यांना मान्य नव्हता. १९७५ मध्ये त्यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. बी.एड. केलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हा माणूस जवळचा वाटला नाही तरच नवल.

पण एवढ्यावर थांबलो तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. वाटून घेणं सुंदर असतं, पण वाटणाऱ्याच्या घरात चूल पेटते का, हेही पाहावं लागतं. अमेरिकेत अनेक कृष्णवर्णीय वादकांच्या रचनांवर दुसऱ्यांनी पैसा केला. आपल्या मुंबईत चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोवेकर कलावंतांनी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाला घडवलं. 'अलबेला'मधल्या सी. रामचंद्रांच्या संगीतावर आपण आजही डोलतो. त्यामागच्या या लोकांची नावं मात्र पडद्यावर क्वचितच आली, आणि आली तरी सहायक म्हणून. सॉफ्टवेअरमध्येही तेच. २०१४ मध्ये ओपन-एसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचा दोष सापडला, तेव्हा जगाला कळलं की ज्याच्यावर मोठमोठ्या कंपन्यांचे व्यवहार चालतात, ते सांभाळणारे लोक मोजकेच आणि त्यांना पैसाही तुटपुंजा. देगीतून सगळे जेवले, लाकडं कुणी आणली हे कुणी विचारलं नाही.

म्हणून माझं म्हणणं दुहेरी आहे. शाळांनी, विशेषतः आपल्या गरीब उर्दू शाळांनी, मुक्त सॉफ्टवेअर वापरावं. स्वस्त पडतं हे कारण दुसरं. आपली भाषा दुसऱ्याच्या कुलपात राहू नये, हे पहिलं. आणि नुसतं घेऊन मोकळं होऊ नये. ज्याला सॉफ्टवेअर लिहिता येत नाही त्याला शब्द देता येतात, चुका कळवता येतात. आपला समाज कायम मागतो, देत काही नाही, असं बोलणाऱ्यांना हे उत्तर तक्रारीपेक्षा बरं.

आमच्या आठवीच्या मुली सध्या उर्दू-मराठी शब्दसूची तयार करत आहेत, दोन्ही लिप्यांमध्ये. पूर्ण झाली की ती सर्वांसाठी खुली करू. वापरा, बदला, वाटा. अट एकच. शेवटच्या पानावर त्या मुलींची नावं आहेत, ती काढू नका.

अब्बांना मी इतकंच सांगितलं, "मुलगा वाया गेलेला नाही. उलट आमची सहा वर्षांची चूक दुरुस्त करून गेला." ते हसले. सॅक्सोफोनबद्दल मात्र त्यांचं मत अजून बदललेलं नाही.