मॅचिंग सेंटर

हे लिहायचं लिहायचं म्हणून दोन महिने राहून गेलं. आज शनिवार, बाहेर पाऊस आणि ऑफिसचा फोन चक्क शांत. तेव्हा एकदाचं मनातलं बाहेर काढतो. विषय: होम थिएटरचा सेंटर स्पीकर. हसू नका, या डब्याने आमच्या घरात दिवाळीच्या दिवसांत चांगलंच वातावरण बिघडवलं होतं.

पहिल्या नोकरीच्या बोनसमधून मी दोन बुकशेल्फ स्पीकर घेतले होते, गाणी ऐकायला. मग रिसीव्हर आला, सबवूफर आला, आणि ‘आता फाइव्ह पॉइंट वन करूनच टाकू’ हा किडा डोक्यात शिरला. दुकानात माझ्या स्पीकरच्या कंपनीचा सेंटर नव्हता, दुसऱ्या कंपनीचा होता, सेलमध्ये. मी विचारलं, टोन जुळेल का? दुकानदार म्हणाला, "सेंटरला काय असतं सर, त्यातून फक्त डायलॉग येतात. चालतंय की."

फक्त डायलॉग! म्हणजे वरणात फक्त डाळ असते म्हणण्यासारखं झालं. पण तेव्हा डोक्यात डिस्काउंट होता, घेऊन आलो.

इथे आईची आठवण होते. ब्लाउजपीस घ्यायला ती मॅचिंग सेंटरमध्ये जाते तेव्हा साडी पिशवीत घालून नेते. दुकानातल्या ट्यूबलाइटवर तिचा विश्वास नाही, कापड दुकानाच्या पायरीवर आणून उन्हात साडीला लावून बघते. शंभर-दीडशे रुपयांच्या कापडासाठी एवढी चाचणी! आणि इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेल्या तिच्या मुलाने हजारोंचा स्पीकर ‘चालतंय की’वर उचलला.

दिवाळीत आईबाबा आले. ‘नटसम्राट’ लावला, २०१६ चा, नाना पाटेकरांचा. आता या सिनेमात बोलण्याशिवाय दुसरं आहे काय? दर पाच मिनिटांनी बाबा विचारणार, "काय म्हणाला रे?" मी आवाज वाढवणार, संगीत सुरू झालं की आई ओरडणार, "अरे कमी कर, शेजारी काय म्हणतील!" शेवटी अर्ध्यातच बाबा उठले. "मला हल्ली कमी ऐकू येतं बहुतेक. तुम्ही बघा," म्हणाले आणि आत जाऊन पडले. फार वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात मावशीशी फोनवर हळू आवाजात काय बोलत होती ते हॉलमध्ये बसलेल्या याच बाबांना शब्दन् शब्द ऐकू येत होतं. तेव्हा म्हटलं, बग बाबांमध्ये नाही, सिस्टिममध्ये आहे.

रिसीव्हरचा टेस्ट टोन लावला. तो पिंक नॉइज आळीपाळीने एकेका स्पीकरमधून सोडतो. डावीकडून श्श्श, उजवीकडून श्श्श, आणि मधून... ख्ख्ख! लेव्हल तीच, अंतरं बरोबर, पण मधला माणूस सर्दी झालेला. पडद्यावर नट बोलत बोलत एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला की त्याचा आवाज मध्ये येऊन बदलणार, हे उघड होतं. पण हा दोष त्यातल्या त्यात छोटा. मोठा दोष मी बाबांच्या खुर्चीत जाऊन बसलो तेव्हा सापडला. बाबा नेहमी कडेच्या खुर्चीत बसतात, पाय लांब करता येतात म्हणून. तिथे तोच नॉइज आणखी पोकळ.

आता थोडं गणित, कंटाळू नका. बहुतेक सेंटर आडवे असतात: मध्ये ट्वीटर आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर, दोघेही तोच आवाज देणारे. माझ्याकडच्यात दोन वूफरमध्ये ३५ सेंटीमीटर अंतर. तुम्ही बरोबर समोर बसलात तर दोघांचा आवाज एकदम पोचतो. टीव्हीपासून अडीच मीटरवर, पण मध्यापासून एक मीटर बाजूला बसलात, तर दोन्ही वूफरपासूनच्या अंतरात साधारण १३ सेंटीमीटरचा फरक पडतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे १३०० हर्ट्झच्या आसपास हे १३ सेंटीमीटर अर्ध्या तरंगलांबीएवढे होतात, आणि एक वूफर दुसऱ्याचा आवाज खाऊन टाकतो. ट्वीटरकडे काम जातं दोन-तीन हजार हर्ट्झच्या पुढे, त्यामुळे तो मदतीला येत नाही. खड्डा पडतो तो थेट माणसाच्या बोलण्यात. त्यात वयाबरोबर कानाच्या वरच्या फ्रिक्वेन्सी आधी जातात, स, श, फ, त पुसट होतात. तरुण कान उरलेल्या तुकड्यांवरून वाक्य जुळवून घेतो, साठीनंतरचा "काय म्हणाला रे?" विचारतो.

"पण रिसीव्हरमध्ये ऑडिसी आहे ना, ते करेल बरोबर!" हे मला तीन मित्रांनी सांगितलं, तिघेही आयटीतले. अरे बाबांनो, माइक लावून इक्वलायझेशन करणं ही चांगली गोष्ट आहे, मीही करतो. पण जिथे दोन वूफर एकमेकांना मारतायत तिथे सॉफ्टवेअरने आवाज वाढवला तर दोघांचाही वाढतो, आणि ते आणखी जोरात मारामारी करतात! शिवाय एका खुर्चीसाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या खुर्चीला बाधते. हार्डवेअरचा घोळ पॅच मारून झाकायची सवय आपल्याला ऑफिसात आहेच, निदान घरी तरी नको.

मुळात हा स्पीकर आडवा का झाला? १९३३ साली बेल लॅब्जने फिलाडेल्फियातला ऑर्केस्ट्रा वॉशिंग्टनमध्ये ऐकवला तो डावा, मधला, उजवा अशा तीन चॅनेलवर. डिस्नेच्या १९४० च्या ‘फँटेजिया’लाही पडद्यामागे तीन चॅनेल होते. आजही थिएटरात पडद्यामागे तिन्ही स्पीकर साधारणपणे एकाच प्रकारचे, उभेच असतात, कारण पडद्याला भोकं असतात आणि आवाज त्यातून येतो. घरी मात्र, १९८७ साली डॉल्बी प्रो लॉजिकबरोबर सेंटर आला तेव्हा मध्ये बसला होता काचेचा अवाढव्य टीव्ही. त्याच्या वर किंवा खाली मावायचं म्हणून स्पीकर आडवा पडला. फर्निचरची सोय, फिजिक्स नव्हे. ते टीव्ही भंगारात गेले, आताचे भिंतीवर टांगलेत, तरी सेंटर आपला आडवाच. आणि कंपन्या त्यावर ‘मॅचिंग’ लिहून विकतात. त्याच सीरिजचा, त्याच ट्वीटरचा असला तर टोन बऱ्यापैकी जुळेल हे खरं, पण दोन वूफर आडवे ठेवले की कडेच्या खुर्चीचा खड्डा तसाच.

आधी मी सेंटर काढूनच टाकला. रिसीव्हरमध्ये ‘सेंटर: नन’ केलं की मधला आवाज डाव्या-उजव्यात सारखा वाटला जातो. सोफ्याच्या मधोमध बसलं तर आवाज टीव्हीतूनच येतोय असं वाटतं. एकटे राहत असाल आणि मधोमध बसत असाल तर खुशाल हेच करा, परक्या कंपनीच्या सेंटरपेक्षा हे बरं. उणीव आहेच: दोन्ही स्पीकरचा आवाज प्रत्येक कानाला थोडा पुढे-मागे पोचतो, त्यामुळे २००० हर्ट्झच्या आसपास थोडी घट येते. आणि बाबांच्या खुर्चीत बसलात तर नाना पाटेकर जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतात. म्हणजे कुटुंबाला सेंटर हवाच.

मग उत्तर काय? सगळ्यात चांगला मॅचिंग सेंटर म्हणजे तुमच्या डाव्या-उजव्या स्पीकरचा तिसरा भाऊ. तोच मॉडेल, उभा. पण कंपन्या बुकशेल्फ जोडीनेच विकतात! एक सुटा मागितला तर दुकानदार असं बघतो की जणू एकच चप्पल मागितली. मी नाइलाजाने जोडी घेतली, एक मध्ये लावला, चौथा बेडरूममध्ये धूळ खातोय. जागा नसेल तर त्याच सीरिजचा थ्री-वे सेंटर बघा, ज्यात मध्ये छोटा मिडरेंज आणि त्याच्या डोक्यावर ट्वीटर असतो. महाग पडतो, पण बोलणं बहुतेक त्या मधल्या जोडीतून येतं, वूफर खालचंच काम करतात. मागचे आणि छतातले स्पीकर नंतर घ्या. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं आणि पायलट काय बोलला ते कळलं नाही, तर काय उपयोग? दुकानात डेमो घेताना स्फोटाचे सीन लावू देऊ नका. बातम्या लावा आणि मधून बाजूला चालत जा. आवाज बदलला तर नमस्कार करून बाहेर पडा.

उभा स्पीकर मावावा म्हणून टीव्ही भिंतीवर थोडा वर घ्यावा लागला. त्यावर घरात झालेली चर्चा इथे देत नाही. सुताराने टीव्ही युनिटमध्ये ठेवलेल्या कप्प्यात तो ढकलायचा मोहही टाळला, बंद खणात आवाज घुमतो. आता तो खणाच्या वर, अगदी कडेला, तोंड किंचित कानाकडे करून उभा आहे. गणपतीत आईबाबा आले तेव्हा ‘नटसम्राट’ पूर्ण झाला. आवाज दिवाळीपेक्षा कमी होता. "काय म्हणाला रे?" एकदाच आलं, तेही आईकडून, कारण ती मोदक बघायला आत गेली होती.

जुना सेंटर माळ्यावर पडून आहे, मूळ खोक्यासकट. कोणाला हवा असेल तर फुकट देईन. पण आधी तुमचे फ्रंट कुठले आहेत ते सांगायचं. त्या कंपनीचे नसतील तर देणार नाही.