आधी तागा, मग व्हिसा

‘दुबईत कंपनी काढा, आठवड्याभरात व्हिसा, कर शून्य.’ भिवंडीत अंजूरफाट्यापासून धामणकर नाक्यापर्यंत कापडाच्या धंद्यातला माणूस भेटला की हे वाक्य आज ना उद्या कानावर येतेच. लूम मंदीत आहे, सुताचा भाव आज एक तर उद्या दुसरा, ग्रे कापडाची उधारी तीन-तीन महिने सुटत नाही. अशा वेळी कुणी परदेशातला पत्ता विकायला आला, तर शेठ खुर्ची पुढे ओढणारच. त्यात शेठचा दोष नाही. दोष विकल्या जाणाऱ्या मालात आहे.

‘कर शून्य’ हे शब्द तर शिळे झाले. संयुक्त अरब अमिरातीत जून 2023 पासून कंपनी कर लागू आहे: 3 लाख 75 हजार दिरहमपर्यंतच्या नफ्यावर काही नाही, त्यापुढे 9 टक्के. फ्री झोनमध्ये शून्य दर मिळू शकतो, पण अटी पाळल्या तरच. आणि आपल्याकडचे काय? प्राप्तिकर खाते तुमच्या पासपोर्टातला व्हिसा पाहत नाही, तुम्ही इथे राहिलात ते दिवस मोजते. वर्षात 182 दिवस भिवंडीत काढलेत, तर खिशात एमिरेट्स आयडी असो की नसो, तुम्ही भारताचे निवासी, आणि निवासी माणसाला जगभरातले उत्पन्न दाखवावे लागते. 2020 च्या दुरुस्तीने आणखी एक फट बुजवली. भारतातले उत्पन्न 15 लाखांवर आहे आणि दुसऱ्या कुठल्याच देशात कर लागत नाही, अशा भारतीय नागरिकाला निवासी मानले जाते. मग भारतात बसून चालवलेल्या धंद्याची परदेशातली कमाईही कराच्या कक्षेत येते. कारखाना शांतिनगरात, मुनीम शांतिनगरात, निर्णय शांतिनगरात आणि कंपनीची पाटी तेवढी शारजात. ही मांडणी कायद्याने आधीच ओळखली आहे.

‘पण करारामुळे माल तिथे बिनशुल्क जातो ना?’ जातो. भारत-अमिरात व्यापार करार 1 मे 2022 ला अंमलात आला आणि आपल्या कापडावरचे 5 टक्के आयात शुल्क गेले. मात्र ही सवलत मालाच्या मूळ देशाला आहे. दुबईतल्या कंपनीचा मालक कोण, याच्याशी तिचा संबंध नाही. उत्पत्ती प्रमाणपत्र घेऊन न्हावा-शेवाहून निघालेला तागा तुमची तिथे कंपनी नसतानाही तेवढाच स्वस्त उतरतो. हे एजंट सांगत नाही. सांगेल कसा?

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. कंपनी काढून बाहेर जाणाऱ्याला ‘पळपुटा’ म्हणणारेही आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी आधी भिवंडीचा इतिहास पाहावा. हे गाव उभे केले ते बाहेरून आलेल्यांनी: 1857 नंतरच्या धामधुमीत उत्तर प्रदेशातून निघालेले अन्सारी विणकर, तेलंगणातून येऊन पद्मानगर वसवणारे पद्मशाली. कोकणी मुसलमानांच्या किती घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटली, हे निजामपुऱ्यात कुणालाही विचारा. स्थलांतराला शिवी देणे या शहराला शोभत नाही. पण एक फरक आहे. तो विणकर हातमागाची विद्या घेऊन आला, पत्ता मिळवायला आला नाही. काम आधी होते, बिऱ्हाड मागून आले.

म्हणूनच, ज्याचा माल खरोखर तिकडे खपतो त्याने कंपनी जरूर काढावी, असे माझे मत आहे. ‘51 टक्के अरबी भागीदाराला द्यावे लागतात’ ही भीतीही आता जुनी झाली. दुबईच्या जेबेल अली फ्री झोनमध्ये परकी मालकी 1985 पासून आहे आणि 2021 पासून बहुतेक धंद्यांत फ्री झोनबाहेरही पूर्ण मालकी ठेवता येते. फेब्रुवारी 2024 मध्ये जेबेल अलीत ‘भारत मार्ट’ची पायाभरणी झाली: आपल्या लघुउद्योगांसाठी गोदाम आणि विक्रीची जागा. आफ्रिकेचा खरेदीदार दुबईत येऊन थोडाथोडा माल उचलतो, त्याला कंटेनरची ऑर्डर जमत नाही. त्याच्यासाठी तिथे साठा, तिथले बिल आणि वसुलीला तिथलाच माणूस हवा. काल्हेर, पूर्णा, मानकोलीच्या गोदामांवर देशभराचा माल हलवणाऱ्या गावाला हे शिकवायची गरज नाही.

पैसे मात्र बँकेतूनच न्यावेत. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आणि 2022 चे परदेशी गुंतवणुकीचे नियम पाळून हे रीतसर करता येते. हवाल्याने गेलेली आणि विवरणपत्रात न दाखवलेली कंपनी सापडली, तर 2015 च्या काळा पैसा कायद्यात 10 लाखांच्या दंडाची तरतूद आहे.

आणि तो व्हिसा? कंपनीवर मिळणारा साधा निवास सहसा दोन वर्षांचा. सलग सहा महिने बाहेर राहिलात की तो सहसा रद्द होतो. परवान्याचे शुल्क मात्र एकही तागा विकला नाही तरी दरवर्षी भरावे लागते.

तेव्हा शेठ, एजंटाला चहा पाजण्याआधी गेल्या वर्षाची बिलबुके काढा आणि समुद्रापलीकडे गेलेली बिले किती, ते स्वतः मोजा.