पासपोर्ट काढला की जीभ घरी ठेवायची?

आमच्या भंडाऱ्याकडे कोणी परदेशी निघाले की त्याला पहिला प्रश्न व्हिसाचा विचारत नाहीत, थंडीचाही विचारत नाहीत. "तिकडं जेवाले का भेटते?" हा पहिला प्रश्न. आणि तो अगदी रास्त आहे. आयफेल टॉवर माणूस एकदा बघतो, जेवतो मात्र रोज दोनदा. माझे भांडण प्रश्नाशी नाही, त्याच्या ठरलेल्या उत्तराशी आहे. सहल कंपन्यांच्या रंगीत पत्रकांवर ते उत्तर ठळक अक्षरात छापलेले असते : "रोज दोन्ही वेळा भारतीय जेवण!" हे वाचले की घरातली मंडळी निःश्वास सोडतात आणि पहिला हप्ता भरून टाकतात. मला विचाराल तर हे उत्तर महाग आहे, कंटाळवाणे आहे, आणि आमच्या जिल्ह्यातल्या माणसापुरते बोलायचे तर चक्क खोटे आहे.

खोटे कसे, ते सांगतो. पत्रकातले 'भारतीय जेवण' म्हणजे पनीरची लाल भाजी, दाल फ्राय, जिरा राइस, नान आणि शेवटी एक गुलाबजाम. आता सांगा, हे भंडारा जिल्ह्यात कोणाच्या घरी शिजते? आमचा हा धानाचा मुलूख. गावोगावी माजी मालगुजारी तलाव, मधून वैनगंगा. ताटात भात हवाच, मग त्यावर वरण असो, लाखोळीची डाळ असो, नाहीतर तलावातल्या माशांचा झणझणीत रस्सा. झिंगे, पोपटाच्या शेंगा, हिरवी मिरची, वरून मूठभर सांभार (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, इडलीबरोबरचे ते वेगळे). कोष्ट्यांच्या घरचे सावजी मटण, ढिवरांच्या घरचे मासे, हे काय भारतीय नाही? पण पत्रकात त्याला जागा नाही. 'भारतीय' या शब्दातून आपल्याला अलगद बाहेर काढले आहे आणि वर आपल्याच खिशातून त्याचे पैसे घेतले आहेत.

आणि अशा भात-मासे खाणाऱ्या माणसाला नेतात कुठे? थायलंडला, व्हिएतनामला, इंडोनेशियाला! जिथे सकाळ-संध्याकाळ भात, नदीचे आणि तळ्याचे मासे, मिरची आणि सांभार! सबंध जगात आपल्या ताटाच्या इतक्या जवळचे ताट शोधून सापडायचे नाही. तिथे नेऊन त्याला बसमध्ये बसवायचे, गर्दीतून तास-दीड तास फिरवायचे आणि कुठल्यातरी तळघरातल्या हॉटेलात पनीर खायला घालायचे.

लाखनीकडचे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या सौभाग्यवती असेच सहा दिवस थायलंडला जाऊन आले. निवृत्तीच्या पैशातली मोठी रक्कम त्यात गेली. हौस होती, चांगली गोष्ट आहे. आल्यावर मी विचारले, "गुरुजी, खाल्लं काय?" म्हणाले, "पनीर." लग्नाच्या पंगतीत जो माणूस पनीर बाजूला सारून भाताची वाट बघतो, त्याने सहा दिवस पनीर खाल्ले! ज्या देशात भात रांधण्याच्या शंभर तऱ्हा आहेत तिथे त्यांना मोकळा फडफडीत जिरा राइस मिळाला. रस्त्याच्या कडेला निखाऱ्यावर आख्खा मासा भाजताना त्यांनी बसच्या काचेतून पाहिला होता. "वास येत होता हो," म्हणाले. त्यांना ह्या गोष्टीचा राग नव्हता. मला आहे.

राग पैशाचाही आहे. बँकॉकमध्ये गल्लोगल्ली 'खाओ केंग'ची दुकाने असतात. खाओ म्हणजे भात, केंग म्हणजे रस्सा. मोठमोठ्या परातींत दहा-पंधरा कालवणे मांडलेली असतात. ताटात भात घेतात, तुम्ही बोट दाखवाल ती दोन कालवणे त्यावर वाढतात. साधारण ५०-६० बाट, म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास. त्याच शहरातल्या पर्यटकी भारतीय हॉटेलात एका भाजीला याच्या तिपटी-चौपटीने पैसे पडतात, नान वेगळा, पाण्याची बाटली वेगळी. 'जेवण समाविष्ट' म्हणजे जेवण फुकट अशी एक गोड समजूत आपल्याकडे आहे. समाविष्ट म्हणजे आधीच वसूल केलेले! म्हणून पत्रकात "दुपारचे जेवण स्वखर्चाने" असे कुठे दिसले की लोक नाक मुरडतात आणि मी खूश होतो.

आता तुम्ही म्हणाल, अनोळखी गावात, भाषा येत नसताना, चांगले आणि स्वस्त खायचे कुठे हे कसे कळणार? अहो, आपल्याला ते येते! आपला जिल्हा महामार्गावर आहे (जुना सहा नंबर, आता त्रेपन्न). साकोलीच्या पुढे-मागे कुठल्या ढाब्यावर थांबायचे हे आपण कसे ठरवतो? ट्रक किती उभे आहेत ते बघून. नव्या तालुक्याच्या गावी गेलो तर एस.टी. स्टँड, कोर्ट, तहसील कचेरी यांच्या आसपास चांगले भोजनालय असणार हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही, कारण तिथे रोज खाणारे गिऱ्हाईक असते आणि रोजच्या गिऱ्हाइकाला फसवून धंदा चालत नाही. नागपूरला पाहुणा आला तर त्याला तर्री-पोह्याच्या ठेल्यावर नेतो, पंचतारांकित हॉटेलात नाही. हे सगळे शहाणपण पासपोर्टवर शिक्का बसला की कुठे जाते कोण जाणे.

परदेशातही हाच हिशेब चालतो. देखाव्याच्या चौकापासून दोन गल्ल्या आत जा. कचेऱ्या, दवाखाने, कॉलेजे, बाजार जिथे आहेत तिथे जा आणि त्यांच्या जेवणाच्या वेळेला जा. एकट्या माणसाने येऊन पटकन जेवून जाण्याची जागा बघा. सहा भाषांतले मेनूकार्ड आणि दारात हात धरून बोलावणारा माणूस दिसला की पुढे चालू लागा. टॅक्सीवाल्याला "इथे चांगले हॉटेल कुठे?" असे कधी विचारू नका, तो त्याला कमिशन मिळते तिथे नेईल. "तू दुपारी कुठे जेवलास?" असे विचारा. व्हिएतनाममध्ये तर अशा खाणावळींवर पाटीच असते, 'कॉम बिन यान', म्हणजे सर्वसामान्यांचा भात. इतकी सरळ पाटी आपल्याकडेही कोणी लावत नाही.

सिंगापूरने तर ही सगळी शोधाशोधच संपवून टाकली आहे. तिथले रस्त्यावरचे ठेले सरकारने १९६८ पासून नोंदवले आणि १९८६ पर्यंत पाणी, गटार, छप्पर असलेल्या बाजारांमध्ये हलवले. अशी शंभराहून अधिक 'हॉकर सेंटर' आज त्या चिमुकल्या देशात आहेत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने त्या संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. २०१६ साली तिथल्या चायनाटाउनमधल्या एका ठेल्याला मिशेलिनचा तारा मिळाला. पदार्थ काय, तर सोया सॉसमधली कोंबडी आणि भात, किंमत दोन सिंगापूर डॉलर, तेव्हाचे शंभर रुपये! (२०२१ मध्ये तो तारा गेला, पण भात-कोंबडी काही एका रात्रीत बिघडली नसावी.) टेबलावर कागदी रुमालाचे पुडके ठेवले की जागा धरली असे समजतात, आपण एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतो तसेच. जेवल्यावर ट्रे आपला आपण उचलून ठेवायचा, २०२१ पासून न ठेवल्यास दंडही होऊ शकतो. कचेरीतला साहेब आणि बांधकामावरचा मजूर शेजारी शेजारी जेवत असतात. आणि आपली सहल? ती या बाजारावरून पुढे जाते.

इथे एक खुलासा केलेला बरा. परदेशातल्या भारतीय हॉटेलांशी माझे वैर नाही. सिंगापूरचे कोमल विलास १९४७ पासून चालू आहे, तिथे स्थानिक तमिळ मंडळी जेवतात, जरूर जा. तीही त्याच गावची खाणावळ आहे. वैर आहे ते फक्त बसभर पर्यटकांसाठी उघडलेल्या जागांशी, जिथे त्याच गावचा भारतीय माणूस पाऊल टाकत नाही.

मग येतात शाकाहारी मंडळी. "तुमचं ठीक आहे हो, आम्ही काय करायचं?" आक्षेप खरा आहे. थाई माणूस मांस नको म्हटले तरी माशांचा सॉस घालतो, त्याच्या दृष्टीने ते मीठच. पण म्हणून पनीरच्या तळघरात जायची गरज नाही. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेले बघा, ते अक्षर साधारण इंग्रजी सतरासारखे दिसते. तिथे मांस-मासे नाहीत, अंडे नाही, दूध नाही, आणि हे ऐका, कांदा-लसूणही नाही! आपल्या चातुर्मासाहून कडक. साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास त्यांचाही नऊ दिवसांचा असा उत्सव असतो, तेव्हा रस्तेच्या रस्ते या पिवळ्या पताकांनी भरतात. व्हिएतनाममध्ये 'चाय' अशी पाटी असलेली शाकाहारी खाणावळ शोधा. तिथे बरेच बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेला शाकाहार पाळतात, त्या दिवशी तर या खाणावळींत जागा मिळत नाही. पवनीच्या आसपासच्या बौद्ध वाचकांना हे सांगायला नको, पण सहलीच्या पत्रकवाल्यांना सांगायला हवे : शाकाहार ही काही भारतातून डब्यात घालून न्यायची गोष्ट नाही.

पोट बिघडण्याची भीती सगळ्यांनाच असते. डोळ्यांसमोर, उकळत्या कढईतून, सरळ ताटात पडलेले अन्न आणि तीन तास कोमट भांड्यात तुमच्या बसची वाट बघत पडलेला बुफे, यातले कोणते जास्त बाधेल याचा विचार ज्याचा त्याने करावा. खाओ केंगच्या दुकानातही सकाळी उशिरा, पराती भरलेल्या असताना जावे. संध्याकाळच्या तळाशी उरलेल्या रश्श्याच्या वाटेला जाऊ नये. हे आपल्या गावालाही लागू आहे. मधुमेहाची, पथ्याची वयस्क माणसे असतील तर त्यांनी डबा, चिवडा, खिचडीचे पाकीट जे हवे ते खुशाल न्यावे. (ऑस्ट्रेलियाला जाताना मात्र सगळे विमानतळावर जाहीर करा, तिथे लपवलेल्या लोणच्यालाही माफी नाही.)

काय खातो आहोत हे कळावे, ही अटही रास्त. त्यासाठी पाच-सहा शब्द पुरतात, आणि ते मराठी माणसाला विसरू म्हटले तरी विसरता येणार नाहीत. थाई भाषेत कोंबडी म्हणजे 'काय' आणि अंडे म्हणजे 'खाय'. व्हिएतनामीत मासा म्हणजे 'का'. थाईत मासा 'प्ला', डुक्कर 'मू' आणि गाय-बैल 'नुआ'. सूर थोडा चुकेल, समोरची बाई हसेल, पण बोट दाखवून "काय?" विचारलेत तर ती बरोबर कोंबडी वाढेल.

युरोप आणि जपान महाग, तिथे काय करणार, असा शेवटचा प्रश्न असतो. युरोपात मोठे जेवण दुपारी घ्यावे. स्पेनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी 'मेनू देल दिया' असतो. दोन पदार्थ, पाव, गोड किंवा कॉफी आणि बहुधा पेयही, सगळे एकाच ठरलेल्या किमतीत. थोडक्यात, थाळीच. रात्री बेकरीतला पाव, चीज, फळे घेऊन बागेत बसावे. जपानमध्ये दुकानाच्या काचेत पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात, त्यामुळे भाषेवाचून अडत नाही, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा भाताचा त्रिकोणी गोळा, आत मासा किंवा आंबवलेले फळ, हा धान पिकवणाऱ्या माणसाने खाऊन बघितलाच पाहिजे. चिन्नोरचा नसला तरी भात आहे.

पिण्याचे तर आणखी सोपे. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर नळाच्या पाण्याचा चंबू मागितला तर तो फुकट द्यावा लागतो. 'कराफ दो' एवढेच म्हणायचे, नाहीतर बाटली येते आणि बिलात दिसते. रोममध्ये रस्तोरस्ती अडीच हजारांच्या घरात लोखंडी नळ आहेत, दिवसरात्र वाहणारे, पाणी पिण्याचे आणि थंडगार. बाटली भरून घ्यावी. इटलीत कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायलात तर एक भाव, टेबलाशी बसलात की पुष्कळदा दुसरा. तिथला माणूस उभ्यानेच पितो, दोन घोटांत संपवतो आणि कामाला जातो, आपण स्टँडवर कटिंग मारतो तसाच. हानोईत फूटपाथवर वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून बर्फ घातलेली दाट कॉफी मिळते. गुडघे दुखत असतील तर उभ्याने घ्या, कोणी काही म्हणत नाही.