वजन, आनुवंशिकता आणि आपले ताट

वजन उतरविण्याचे ठरविले की मंडळी प्रथम दोषी शोधतात, आणि ती बहुधा आनुवंशिकता ठरते. हे अगदीच खोटे नव्हे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३ च, परंतु शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१! 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली आलेली ही तुलना आम्हा डॉक्टरांना परिचित आहे. मात्र तिच्यावरून 'आपल्या हाती काही नाही' असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. ज्याचे शरीर चरबी सहज साठविते, त्याने तर हात अधिकच आखडता घ्यावयास हवा.

आनंद नगरात सकाळी पोह्यांबरोबर जिलबी, सायंकाळी कुणाकडे वाढदिवस वा हळदीकुंकू. आग्रह तर आपला कुलधर्मच! तरीही घास उचलतो तो आपलाच हात.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला खटकते ते निराळेच. स्थूल मुलाला घेऊन आलेले आईवडील म्हणतात, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच याला समजावून सांगा." घरात बिस्किटांचे पुडे आठ वर्षांचे मूल भरत नाही. म्हणून आहाराचा तक्ता मी पालकांच्या हाती देतो आणि पहिला महिना तो त्यांनीच पाळावा, असे सांगतो.